बँडसॉच्या ब्लेडवर चिप साचू नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धातू कापणारा बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्ट्यासारख्या ब्लेडची करवत) चालवणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची सुरुवात "ब्लेड लवकर जातं" अशीच असते. दोन-चार उलट प्रश्न विचारले की बोलणं दात्यांमध्ये अडकलेल्या चिपवर, म्हणजे कापताना निघणाऱ्या धातूच्या किसावर, येऊन थांबतं. खाली "खाच" म्हटलंय ती दोन दात्यांमधली गोलसर पोकळी. काही जण तिला गलेट म्हणतात. उत्तरं आडव्या बँडसॉला धरून आहेत, उभ्या मशीनचं प्रश्न 15 मध्ये वेगळं दिलंय.

1. चिप ब्लेडला चिकटून राहिली तर एवढं काय बिघडतं? पुढच्या फेरीत पडेलच की.

पुढची फेरी किती लवकर येते ते बघा. ब्लेड 4 मीटर लांब आणि स्पीड मिनिटाला 60 मीटर असेल, तर प्रत्येक दाता दर 4 सेकंदांनी कटमध्ये परत शिरतो. खाचेत जुनी चिप बसलेली असली की नव्या चिपला जागाच उरत नाही. दोन्ही एकमेकींवर दाबल्या जातात, कटच्या भिंतींना घासतात, तापतात आणि शेवटी दात्याच्या पुढ्यात वेल्ड झाल्यासारख्या चिकटून बसतात. अशा वेळी दाता कापायचं सोडून धातूला नुसता रेटत राहतो. मग कुठे दाता उडतो, कुठे ब्लेड एका अंगाला सरकून कट तिरका जातो. जी चिप कटमधूनही सुटत नाही ती चाकापर्यंत पोचते. तिथलं नुकसान प्रश्न 12 मध्ये आहे.

2. ब्रश नेमका कुठे लागलेला असावा?

ब्लेड जॉबमधून (कापायच्या मालातून) बाहेर पडल्यावर आणि ड्राइव्ह व्हीलवर, म्हणजे ब्लेड फिरवणाऱ्या चाकावर, चढण्याआधी. चिप चाकाखाली जाण्याच्या आत निघाली पाहिजे, एवढंच त्या जागेमागचं कारण.

किती आत सरकवायचा, यात मात्र बहुतेक जण चुकतात. ब्रशच्या तारांची टोकं दात्याच्या शेंड्यापासून खाचेच्या तळापर्यंत पोचली पाहिजेत आणि तिथेच थांबली पाहिजेत. टोकं नुसती शेंड्यांना घासत असतील तर खाचेतली चिप जागची हलत नाही. उलट ब्रश ब्लेडच्या अंगावर खोल दाबला की तारा वाकतात, टोकाऐवजी कुशीने घासतात, आणि तारेची कूस काही खाच उकरत नाही. दाबून लावलेला ब्रश जास्त साफ करतो ही समजूत फार पक्की आहे, आणि ती चुकीची आहे. झिजतो मात्र तो नक्की लवकर.

तपासायची सोपी रीत: मशीन बंद करा, मेन स्विचही बंद करा, कव्हर उघडा आणि बॅटरीच्या उजेडात बाजूने बघा. तारांची टोकं खाचेच्या तळाला टेकलेली दिसली पाहिजेत. मग मशीन लावून एक कट घ्या, पुन्हा बंद करा आणि ब्रशच्या पुढच्या भागातल्या वीसेक खाचा एकेक करून बघा. रिकाम्या असतील तर ब्रश बरोबर बसलाय.

3. ब्रश फिरतो ना, मग झालं की?

तो कशाने फिरतो ते बघा. काही मशीनवर ब्रशला ड्राइव्ह व्हीलवरून किंवा छोट्या मोटरवरून गती दिलेली असते. तो ब्लेडच्या वेगापेक्षा वेगळ्या वेगाने फिरतो, म्हणून खाच झाडली जाते. काही मशीनवर ब्रश नुसता शाफ्टवर मोकळा असतो आणि ब्लेडच त्याला फिरवतं. असा ब्रश ब्लेडबरोबर लोळत जातो, दोघांमध्ये घासणं थोडंच होतं. कधी कधी गतीचा ब्रशही असा "मोकळा" झालेला असतो: पट्टा सैल पडतो, रबरी रोलर तेलकट होतो किंवा ब्रशला शाफ्टशी जखडणारी चावी तुटते. बाहेरून ब्रश फिरताना दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही.

मी स्वतः यात एकदा आठवडाभर फसलोय. एकामागोमाग दोन ब्लेडं दाते उडून गेली. मटेरियल कडक आलंय असं समजून मी फीड (ब्लेड मालात उतरण्याचा वेग) कमी करत राहिलो. शेवटी ब्रश हाताने फिरवून पाहिला तर शाफ्टवर गरगर फिरला, अडखळलासुद्धा नाही. आतली चावी केव्हाच तुटली होती.

4. तारेचा ब्रश घ्यावा की नायलॉनचा?

साध्या बायमेटल (लवचीक पोलादी पट्टीला कडक पोलादाचे दाते असलेल्या) ब्लेडला बारीक पोलादी तारेचा ब्रश चालतो आणि घट्ट बसलेली चिप तो चांगली काढतो. कार्बाइड टिपच्या ब्लेडला नायलॉन वापरा. कार्बाइड कडक असलं तरी ठिसूळ असतं, आणि पोलादी तारांचे सततचे फटके त्या धारदार कडेला सोसत नाहीत. ॲल्युमिनियमलाही नायलॉन बरा पडतो. ब्रश बदलताना त्याचा व्यास मशीनला हवा तोच घ्या. लहान घेतला तर समायोजनाची सगळी हद्द पहिल्याच दिवशी संपते.

5. ब्रश कधी बदलायचा?

तासांचा हिशेब ठेवू नका, टोकं बघा. तारा एका बाजूला झोपल्या असतील, मधेच झडून टक्कल पडलं असेल किंवा समायोजन शेवटपर्यंत आत घेऊनही टोकं खाचेच्या तळाला पोचत नसतील, तर बदला. नवीन ब्लेड चढवताना ब्रश बघायचाच, अशी सवय ठेवली तर वेगळी आठवण लागत नाही. ब्रश ब्लेडच्या मानाने फार स्वस्त असतो आणि तरीही सगळ्यात जास्त काळ तोच न बदलता राहतो, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

6. पडलेल्या चिपवरून काय ओळखता येतं?

बरंच काही. मूठभर कीस कागदावर घ्या, पण मशीन थांबवून आणि चिमट्याने. ताज्या चिपची कड बोट कापते.

साध्या पोलादाची चिप सैल गुंडाळलेली, चकचकीत रुपेरी आणि कोमट असेल तर फीड आणि स्पीड दोन्ही जमलेत. पिठासारखा बारीक भुगा पडत असेल तर दाता धातूत नीट शिरत नाहीये: फीड कमी आहे, स्पीड जास्त आहे किंवा ब्लेड बोथट झालंय. हा भुगा कूलंटमध्ये (कापताना सोडतात त्या गार करणाऱ्या तेल-पाण्यात) मिसळून खाचेच्या कोपऱ्यात लिंपला जातो आणि ब्रशलाही दाद देत नाही. जाड, निळसर-तपकिरी, जळकी चिप म्हणजे उलट टोक: फीड किंवा स्पीड झेपण्यापलीकडे आहे. घट्ट आवळलेली, दोन्ही बाजूंनी चेपून चपटी झालेली चिप दिसली तर खाच भरून वाहतेय. त्यावर उपाय प्रश्न 7 मध्ये.

या सगळ्या खुणा तुटक चिप देणाऱ्या धातूंना लागू नाहीत. बिडाची भुकटी ही बिडाची तब्येतच आहे (प्रश्न 11).

7. ब्रश ठीक, कूलंट ठीक, तरी जाड बार कापताना खाच गच्च भरते. का?

दाते बारीक पडत असणार. 200 मिमी व्यासाचा भरीव बार घ्या. ब्लेड 3 टीपीआयचं, म्हणजे इंचाला 3 दाते, आणि स्पीड मिनिटाला 60 मीटर. मिनिटाला साधारण 7,000 दाते कटमधून जातात. ब्लेड मिनिटाला 25 मिमी खाली उतरत असेल तर एका दात्याच्या वाट्याला येणारी जाडी 0.0035 मिमीच्या आसपास. इतकी पातळ चिप कशाला अडकेल, असं वाटेल. पण तो दाता बारच्या मधोमध सलग 200 मिमी कापत जातो, आणि तेवढी सगळी लांबी त्या एका खाचेत गुंडाळून घ्यावी लागते. पलीकडून बाहेर पडेपर्यंत तिला कुठेच टाकता येत नाही. शिवाय गुंडाळलेली चिप मूळ धातूपेक्षा कितीतरी पट जास्त जागा खाते.

आता त्याच बारला 6 टीपीआय लावा. दाते दुप्पट झाले म्हणून प्रत्येकाची चिप निम्मी झाली, हे खरं. पण खाच लांबीला निम्मी आणि खोलीलाही निम्मी, म्हणजे तिच्यातली जागा चौथाई झाली. निम्मा माल चौथाई खोलीत. म्हणून "बारीक दाते लावले तर कट गुळगुळीत येईल" हा विचार जाड भरीव मालावर अंगाशी येतो.

कटमध्ये एका वेळी निदान 3 दाते हवेत, 6 ते 12 असले तर उत्तम, आणि 24 च्या वर जाऊ नये. वरच्या बारमध्ये 3 टीपीआयचे जवळपास 24 दाते बसतात, म्हणजे तेही काठावरच आहे; 2/3 चं (दात्यांचं अंतर बदलतं, इंचाला 2 ते 3 दाते) ब्लेड मिळत असेल तर ते घ्या. ब्लेड लगेच बदलणं शक्य नसेल तर फीड कमी करा, पण भुगा पडायला लागेल इतकं नाही.

8. कूलंट भरपूर सोडलं की ब्रशची गरज उरते का?

उरते. कूलंटची कामं चिप गार ठेवणं, ती दात्याला चिकटू न देणं आणि सुटी झालेली चिप वाहून नेणं. खाचेत घट्ट बसलेली चिप त्या मंद धारेने निघत नाही.

धार कुठे पडते तेही बघा. ब्लेड जॉबमध्ये शिरतं तिथे कूलंट मिळालं पाहिजे, कारण दाते तेच आत ओढून नेतात. नळी फक्त जॉबच्या मधोमध वरून सोडलेली असेल तर खोल कटमध्ये खाली काहीच पोचत नाही. रुंद कटला एक धार आत शिरण्याच्या बाजूला, एक कटच्या वर आणि जमल्यास एक ब्रशवर असू द्या. ब्रशवरची धार तारांमध्ये गुंतलेला कीस धुऊन काढते.

पाण्यात मिसळणाऱ्या तेलाचं प्रमाण करवतकामाला साधारण 5 ते 10 टक्के असतं. नेमका आकडा डब्यावर असतो, तोच खरा. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर वापरा आणि त्याच्या आकड्याला डब्यावर दिलेल्या गुणकाने गुणा. पाणी उडून जातं, तेल मागे राहतं. चिपला चिकटूनही तेल बाहेर जातं. त्यामुळे अंदाजाने दर वेळी नुसतं पाणी ओतत राहिलं तर प्रमाण कुठल्या कुठे जातं. नवीन मिश्रण करताना आधी पाणी घ्या, मग त्यात तेल ओता.

9. ॲल्युमिनियम दात्यांना डिंकासारखं चिकटतं. काय करू?

ॲल्युमिनियम मऊ आहे, आणि कोरड्या दात्याला ते चटकन चिकटतं. एकदा दात्याच्या पुढ्यात थर बसला की तो थरच कापायला लागतो, मूळ धार मागे राहते. मोठे दाते, मोठी खाच, पुढे झुकलेला हुक आकाराचा दाता आणि भरपूर फीड हे सगळं एकत्र हवं. नुसता स्पीड वाढवून फीड घाबरत घाबरत दिलं तर चिकटणं वाढतं. कूलंट जास्त तेलकट ठेवा. कूलंटची सोय नसेल तर ब्लेडला लावायची मेणाची कांडी मिळते, ती चांगलं काम करते. रॉकेल काही जण वापरतात. ते पेट घेतं, वापरू नका.

बसलेला थर काढायचा तर मशीन पूर्ण बंद करून, हातमोजे घालून, पितळी तारेच्या हातब्रशने किंवा टोकदार लाकडी काडीने. स्क्रू ड्रायव्हरने उकरलंत तर थर जाईल आणि धारही जाईल.

10. एसएसला (स्टेनलेस स्टीलला) चिप लांब तारेसारखी निघते आणि ब्रशलाच गुंडाळते.

एसएसचा स्वभाव असा की घासलं की तो वरून कडक होतो. दाता नुसता घासत राहिला तर पुढच्या दात्याला आणखी कडक थर कापावा लागतो. म्हणून स्पीड साध्या पोलादाच्या साधारण निम्म्याच्या आसपास, पण फीड ठाम. कट अर्धा असताना ब्लेड जागच्या जागी फिरत ठेवायचं नाही. फीड नीट बसलं की चिप जाड होते आणि आवळून तुटते, गुंडाळणं आपोआप कमी होतं. ब्रशवर वेटोळं झालंच तर मशीन बंद करून पक्कडीने कापून काढा. फिरत्या ब्रशमधून तार ओढायला हात घालू नका, एकदाही नाही.

11. बीड आणि पितळ कोरडं कापावं की कूलंट लावून?

बीड बहुधा कोरडंच कापतात. त्यातलं ग्रॅफाइट थोडंफार वंगणाचं काम करतं आणि चिप भुकटीसारखी सुटते. त्यावर कूलंट सोडलं की काळा चिखल होतो, तो खाचेत, गाईडमध्ये (ब्लेडला सरळ धरणाऱ्या ठोकळ्यांमध्ये) आणि टाकीच्या तळाशी जाऊन बसतो. कोरडं कापताना ब्रशची जबाबदारी वाढते. धूळ ओढून घेणारा पंखा आणि नाकावर मास्क हवा. पितळेचे तुकडे सुटे आणि बारीक पडतात, ब्रश नीट असेल तर त्रास देत नाहीत.

12. गाईडमध्ये आणि चाकावर कीस दाबून बसतो. तो तिथे पोचतोच कसा?

ब्रश चुकवून. म्हणून आधी प्रश्न 2 आणि 3 तपासा. चाक कितीही पुसलंत तरी मूळ तिथे आहे.

चाकाच्या घेरावर बसलेली एक बारीक चिपही ब्लेडला तेवढ्या जागी उचलते. ब्लेडवर तिचा ठसा उमटतो, दर फेरीला वाकण्याचा ताण तिथे वाढतो आणि भेग पडू शकते. चाकाच्या कडेला कॉलरशी (उंच काठाशी) कीस साचला तर ब्लेड बाहेर सरकायला लागतं, आणि आपण ट्रॅकिंगच्या (ब्लेड चाकावर जागेवर ठेवणाऱ्या) स्क्रूशी झटापट करत बसतो. कार्बाइड गाईडमध्ये अडकलेली चिप ब्लेडच्या अंगावर लांब रेघ ओढते. अशी रेघ दिसली की गाईड उघडून पुसा. ब्लेड बदलताना चाकांचा घेर, कॉलर आणि गाईड फडक्याने साफ केल्याशिवाय नवीन ब्लेड चढवू नका.

13. हवेच्या नळीने फुंकून काढलं तर चालेल का?

नको. हवा चिपला बेअरिंगमध्ये, गाईडमध्ये, व्हाइसच्या (माल घट्ट धरणाऱ्या पकडीच्या) स्लाइडमध्ये आणि शेजाऱ्याच्या डोळ्यात ढकलते. हातब्रश, खरवडणी आणि व्हॅक्यूम वापरा. चालत्या ब्लेडजवळ हातब्रशही नेऊ नका. हातमोजे ब्लेड चढवताना-उतरवताना घालायचे. ब्लेड चालू असताना मोजा दात्यात अडकला तर हात बरोबर जातो.

14. पाईप आणि बंडल कापताना चिप आतच राहते.

पाईपमध्ये वरच्या भिंतीची चिप आत पडते आणि खालच्या भिंतीवर साचते. ब्लेड तिथे उतरलं की धातूबरोबर तो कीसही पुन्हा कापावा लागतो. लांब पाईप असेल तर मोकळं टोक किंचित खाली ठेवा आणि एक कूलंटची धार कटच्या फटीतून आत जाऊ द्या. दाते निवडताना पाईपच्या व्यासाकडे नको, भिंतीच्या जाडीकडे बघा.

बंडलमध्ये चिप दोन नगांच्या फटीत शिरते. त्याहून वाईट म्हणजे एखादा नग सैल असला तर तो दात्याबरोबर फिरतो आणि दात्यांची ओळच साफ करतो. बंडल वरूनही दाबणारा व्हाइस नसेल तर टोकाकडून नग एकमेकांना टाके मारून वेल्ड करा.

15. माझा बँडसॉ उभा आहे आणि त्याला ब्रशच नाही.

टेबलाच्या खाली, खालच्या चाकाच्या आधी, एक स्थिर ब्रश पट्टीवर कसून लावा. फिरत्या ब्रशइतकं काम तो करत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा फार बरा. तोही प्रश्न 2 मधल्या मापानेच बसवायचा. चाकांवर रबर असेल तर चिप त्यात रुतते आणि निघत नाही, म्हणून खालचं चाक रोज बघा.

16. मधेच दाता तुटला. ब्लेड बदलून त्याच कटमध्ये पुढे जाऊ?

नाही. तुटलेला दाता कटच्या तळाशी असतो आणि तो जॉबपेक्षा कडक असतो. नव्या ब्लेडचे दाते त्याच्यावर आपटून जातील. शिवाय जुन्या ब्लेडचा सेट (दात्यांचा डावी-उजवीकडे दिलेला वाक) झिजल्यामुळे कट अरुंद झालेला असतो, नवं ब्लेड त्यात अडकतं. जॉब फिरवून दुसऱ्या बाजूने नवा कट सुरू करा आणि जुन्या कटला जाऊन मिळायच्या आधी तुटका तुकडा काढलाय याची खात्री करा. नव्या ब्लेडला सुरुवातीचे काही कट फीड निम्म्याच्या आसपास ठेवून रुळू द्या, स्पीड नेहमीचाच. ताज्या धारेची अतिबारीक टोकं पहिल्याच झटक्यात तुटली तर त्या खडबडीत कडेला चिप जास्त चिकटते.

17. सगळं तपासलं. तरी कीस ब्लेडला केसाळ होऊन चिकटतो आणि ब्रशच्या पलीकडेही जातो.

केसाळ म्हणालात ना, तिथेच उत्तर आहे. माल चुंबकाच्या क्रेनने उचललेला असेल किंवा मॅग्नेटिक चकवर धरलेला असेल तर त्यात चुंबकत्व उरतं, आणि हळूहळू ते ब्लेडमध्येही येतं. एक बारीक पिन मालाच्या टोकाशी नेऊन बघा. ओढली गेली तर माल आणि ब्लेड दोन्ही डिमॅग्नेटाइझ करून घ्या. ब्रश कितीही चांगला असला तरी चुंबकाने धरून ठेवलेला बारीक कीस त्याच्या मागून पुन्हा चिकटतो.

18. टाकी किती दिवसांनी उपसायची?

पंपाच्या तोंडाशी कीस पोचायच्या आधी. काम जास्त असेल तर आठवड्यातून एकदा तरी तळ बघा. धार मधेच बारीक झाली की आधी जाळी तपासा.

19. मॅग्नेशियम किंवा टायटेनियम कापायचं आहे, काही वेगळं?

हो. या दोन्हींचा बारीक कीस पेट घेऊ शकतो. मॅग्नेशियमची आग पाण्याने विझत नाही, उलट पाण्याने भडकते. तिला धातूच्या आगीसाठीची कोरडी पावडर लागते, आणि ती कट सुरू करण्याआधी मशीनशेजारी ठेवलेली असली पाहिजे. दाता धारदार ठेवा, फीड भरीव द्या म्हणजे भुगा पडणार नाही. कीस ब्लेडखाली साचू देऊ नका. कट झाला की लगेच उचलून झाकणाच्या धातूच्या डब्यात, इतर कुठल्याही किसात न मिसळता, वेगळा ठेवा.